छुपा कॅमेरा घेताय? आधी अंधारात तपासा

खोक्यावरच्या '४के'ला, म्हणजे चित्र किती बारीक टिपलं जातं त्याच्या मोठ्या आकड्याला, भुलू नका. घड्याळात किंवा चार्जरमध्ये दडवलेल्या कॅमेऱ्याची लेन्स टाचणीच्या डोक्याएवढी असते, तिच्यातून उजेडच कमी शिरतो. आकडा मोठा असूनही चेहरा पुसट येतो तो त्यामुळे. खरोखरचं १०८०पी, म्हणजे त्याखालचं फुल एचडी चित्र, मिळालं तरी घरासाठी पुरे.

खरी परीक्षा रात्री. अंधारात चित्र दिसावं म्हणून कॅमेऱ्यात इन्फ्रारेड दिवे असतात. त्यांच्या किरणांची तरंगलांबी ८५० नॅनोमीटर असेल तर जवळून लालसर ठिपके दिसतात, मग लपवून उपयोग काय? ९४० चे दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी. आणि कॅमेरा काचेमागे ठेवलात तर तेच किरण काचेवरून परतून चित्र पांढरंफटक पडतं. हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

बॅटरीवरचा कॅमेरा हालचाल झाली की जागा होतो, तेवढ्यात सुरुवातीचे मोलाचे क्षण निसटू शकतात. दारावर नजर ठेवायची तर सरळ विजेवर चालणारा घ्या. लूप रेकॉर्डिंग, म्हणजे कार्ड भरलं की जुन्या चित्रणावर नवं आपोआप टिपणं, हवंच. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

न्हाणीघर, पाहुण्यांची खोली इथे कॅमेऱ्याचा विचारही नको. घरात कामाला येणाऱ्यांना तो आहे हे स्पष्ट सांगा. आवाज टिपण्याचे नियम बरेचदा जास्त कडक असतात. ते वाचेपर्यंत माइक बंदच ठेवा.