एचडी-28 की डी-28? आधी ती पॉलिसी बघू

तुमच्या पत्राचा सारांश असा. वय 35, घरात पत्नी आणि चार वर्षांची मुलगी, कमावणारे तुम्ही एकटेच. घरी बसून, बोटांनी तारा छेडत गाण्याची आवड. मार्टिन या अमेरिकी कंपनीच्या डी-28 आणि एचडी-28 या दोन गिटारींतली कुठली घ्यावी, हा प्रश्न. डी-28 ला साडेतीन महिन्यांचा पगार लागतो, एचडी-28 ला पावणेचार. पैसे विमा पॉलिसीवर दहा टक्क्यांनी कर्ज काढून उभे करायचे, दरवर्षी फक्त व्याज भरायचं आणि मुद्दल पॉलिसी मॅच्युअर होईल तेव्हा तिच्यातूनच वळतं करायचं, ही एजंटची योजना. शिवाय चांगली गिटार म्हणजे गुंतवणूक, दहा-पंधरा वर्षांत दुप्पट होईल, मुलीच्या शिक्षणाला उपयोगी पडेल, ही आशा. तुम्ही सगळे आकडे पगाराच्या पटीत दिलेत, मीही तसेच धरतो.

गिटारीचं उत्तर छोटं आहे, ते खाली देतो. मला खटकलं ते पत्रातलं वेगळंच वाक्य: ‘24 पगारांचा विमा आहेच, त्यामुळे घरच्यांची चिंता नाही.’ चिंता करायला हवी. 24 पगार म्हणजे दोन वर्षं. तुमच्यामागे पत्नी आणि चार वर्षांच्या मुलीने तिसऱ्या वर्षापासून कशावर जगायचं? तुमच्या परिस्थितीत किमान दहा वर्षांचा पगार, म्हणजे 120 पगारांचं संरक्षण हवं. तुमच्याकडे त्याचा पाचवा हिस्सा आहे. त्यात पॉलिसीवर कर्ज काढलंत तर दाव्याच्या रकमेतून ते आधी कापलं जाईल.

आता या पॉलिसीचा हिशेब. महिन्याला पगाराचा दहावा हिस्सा, 20 वर्षं: एकूण 24 पगार भरायचे आणि शेवटी 36 मिळायचे. एजंटने ‘दीडपट’ सांगितलं आणि तुम्हाला ते भरघोस वाटलं. पैसे 20 वर्षांत थोडे थोडे जात असल्याने हा परतावा दरसाल चार टक्क्यांच्या आतच बसतो. त्यातही 36 पैकी 12 पगार हा बोनस आहे आणि त्यातल्या अजून जाहीर न झालेल्या भागाची हमी नाही. चार टक्क्यांनी वाढणाऱ्या पैशावर दहा टक्क्यांनी कर्ज काढायचं, याला योजना म्हणता येत नाही. पावणेचार पगारांवर वर्षाचं व्याज पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. उरलेल्या 14 वर्षांत सव्वापाच पगार नुसतं व्याज, म्हणजे गिटार पडली नऊ पगारांना. व्याज थकलं तर ते मुद्दलात मिसळत जातं आणि हप्तेही थांबलेले असतील, तर कर्ज सरेंडर व्हॅल्यूच्या, म्हणजे पॉलिसी मोडल्यावर मिळणाऱ्या रकमेच्या, वर गेलं की कंपनी पॉलिसीच बंद करू शकते. हा भाग एजंटने सांगितला नसणार.

मग पॉलिसी आजच मोडायची? थांबा. सहा वर्षांत तुम्ही 7.2 पगार भरलेत, मोडली तर 4.3 हातात येतात. मधला फरक गेलाच आहे, तो भरून काढण्यासाठी पुढे काही करू नका. प्रश्न एवढाच की इथून पुढे काय मिळतं. आजचे 4.3 आणि उरलेले हप्ते धरले तर पुढचा परतावा सहा टक्क्यांच्या आसपास येतो, बोनस कमी पडून 36 ऐवजी 32 मिळाले तर पावणेपाच. म्हणजे नुसत्या दराकडे पाहिलं तर पॉलिसी चालू ठेवणं तितकं वाईट नाही. तुमची अडचण दराची नाहीच. तुमचं संरक्षण तोकडं आहे आणि बँकेत फक्त पंधरा दिवसांचा पगार आहे. घरखर्च आणि हप्ता जाऊन महिन्याला पगाराचा पाव हिस्सा उरतो म्हणता, तो जातो कुठे हे पत्रात नाही. ते आधी शोधा.

माझा कल पॉलिसी पेड-अप करण्याकडे आहे: हप्ते थांबतात, घटलेली रक्कम मुदतीअखेर मिळते. पण क्रम चुकवू नका. आधी 120 पगारांचा निव्वळ टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घ्या. निरोगी, तंबाखूपासून दूर असलेल्या माणसाला तुमच्या वयात त्याला महिन्याच्या पगाराच्या दीड-दोन टक्क्यांच्या आसपास लागावेत. अर्जात आजार, औषधं काहीही लपवू नका, दावे तिथेच अडकतात. नवी पॉलिसी हातात आली की मगच जुनीचे हप्ते थांबवा. त्याआधी कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू, पेड-अप रक्कम आणि आजवर जमा झालेला बोनस हे तीन आकडे लेखी मागा. तोंडी आकड्यावर सही करू नका.

मग उरणारा पाव हिस्सा आणि थांबलेला हप्ता मिळून, टर्मचा हप्ता वजा जाता, महिन्याला पगाराचा साधारण तिसरा हिस्सा मोकळा होतो. सहा महिन्यांच्या खर्चासाठी चार पगार बाजूला हवेत, अर्धा आहे, बाकीचे साडेतीन दहा-अकरा महिन्यांत जमतील. त्यापुढच्या अकरा महिन्यांत एचडी-28 चे पैसे रोख तयार. पावणेदोन वर्षं थांबून सव्वापाच पगारांचं व्याज वाचतं.

दुप्पट किमतीची आशा सोडून द्या. ज्या मार्टिन गिटारींना थक्क करणाऱ्या किमती येतात त्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या किंवा त्याआधीच्या; 1933 ते 1942 मध्ये डी-45 या मॉडेलच्या एकूण 91 गिटारी बनल्या. तुम्ही बघताय ती मॉडेलं आजही कारखान्यातून सतत बाहेर पडताहेत. अशी नवी गिटार दुकानाबाहेर पडली की किंमत उतरते. मुलीच्या शिक्षणाच्या खात्यात तिची किंमत शून्य धरा.

आता निवड. दोन्ही ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या, रुंद पेटीच्या, दोन्हींना वर सिट्का स्प्रूस, मागे आणि बाजूंना शिसवी, स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, 25.4 इंच. खरा फरक आतल्या ब्रेसमध्ये, म्हणजे वरच्या फळीला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्यांमध्ये: एचडी-28 चे ब्रेस स्कॅलप्ड, म्हणजे कोरून हलके केलेले. वरची फळी मोकळी हलते, खर्ज भरदार येतो, हलक्या बोटालाही आवाज फुलतो. डी-28 चे ब्रेस सरळ, त्यामुळे जोरात स्ट्रमिंग केलं तरी स्वर विखुरत नाहीत, चार वाद्यांत ती स्पष्ट ऐकू येते. एचडी-28 च्या काठावरची हेरिंगबोन नक्षी शोभेची, आवाजाशी तिचा संबंध नाही. तुम्ही एकटे, बोटांनी वाजवता, तेव्हा एचडी-28. पाव पगाराचा फरक त्यासाठी योग्य आहे. मात्र एकाच मॉडेलच्या दोन गिटारीही सारख्या वाजत नाहीत. ऐकताना दोन्हींवर एकाच जाडीच्या नव्या तारा हव्यात, नाहीतर तुम्ही तारांचीच तुलना कराल.

वापरलेली चालणार असेल तर नव्याच्या दोन-तृतीयांश ते पाऊण किमतीत मिळू शकते आणि गिटारीसाठीची अकरा महिन्यांची वाट तीन-चार महिन्यांनी कमी होते. मार्टिनची आजीवन वॉरंटी मूळ खरेदीदारालाच असते, म्हणून पारख तुम्हालाच करावी लागेल. सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) आधीच घासून खाली आणलेलं आणि तरी बाराव्या फ्रेटवर तारा उंच असतील, तर नेक रीसेटचा, म्हणजे गिटारीची मान काढून योग्य कोनात पुन्हा बसवण्याचा, मोठा खर्च उभा आहे. ब्रिजच्या (वरच्या फळीवर चिकटवलेल्या, तारा अडकवायच्या लाकडी तुकड्याच्या) मागच्या कडेखाली पातळ कागद सरकवून पाहा. आत शिरला तर ब्रिज उचलला गेलाय. दुरुस्तीचा अंदाज कारागिराकडून घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करूनच बोला.