अंग आंबतं ते दुधानं नव्हे

खानापूरहून प्रश्न आलाय : 'लॅक्टेट'ला मराठीत 'दुग्धाम्ल' म्हणावं का? प्रश्नकर्त्याच्या मधुमेही काकांच्या रक्तात ते जरा जास्त निघालं. कुणा शहाण्यानं त्याचं 'दुग्धाम्ल' केलं आणि काकांनी रात्रीचं दूधच सोडलं.

नका म्हणू. १७८० साली शेले या रसायनशास्त्रज्ञाला ते आंबलेल्या दुधात सापडलं म्हणून दुधाचं नाव चिकटलं. बर्झेलियस या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाला १८०७ साली शिकारीत दमलेल्या हरणांच्या स्नायूंतही तेच दिसलं, पण तोवर बारसं उरकलं होतं. शिवाय शरीरात ते आम्लरूपात, म्हणजे 'लॅक्टिक ॲसिड' म्हणून, जवळजवळ नसतंच. सरळ 'लॅक्टेट' म्हणा.

काकांपुरतं सांगायचं तर स्नायू साखर फोडताना लॅक्टेट तयार होतं. एरवी तंतुकणिका (मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या) ते जाळतात, हृदयही आवडीनं खातं, उरलेल्याची यकृत पुन्हा साखर करतं (याच फेऱ्याला कोरी दांपत्याचं नाव आहे, नोबेल १९४७). मधुमेहात, म्हणजे नेहमीच्या दुसऱ्या प्रकारात, स्नायूंची ही जाळण्याची ताकद बऱ्याचदा मंदावते, म्हणून बसल्याजागीही आकडा थोडा चढा राहू शकतो. नेमानं चाललं की तंतुकणिका वाढतात आणि तेवढ्याच चालीला लॅक्टेट कमी साठतं. जोर-बैठका मारल्यावर ते उसळतं, पण तासाभरात ओसरतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या की तालमीत जे 'पायात ॲसिड उतरलंय' म्हणतात, ते साफ चूक. ते दुखणं तंतूंना झालेल्या बारीक इजांचं.

आता खरी मौज. आपण म्हणतो, 'अंग आंबून गेलं'. यावरून 'पूर्वजांना लॅक्टिक ॲसिड ठाऊक होतं' असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरतोय. डोंबल! माझ्या मते इथं आंबटपणाचा संबंधच नाही. रात्रभर आंबलेलं पीठ फुगतं, जडावतं, तसं कष्टानं अंग जडावतं. सौंदत्तीच्या यल्लम्माला आंबील नेणाऱ्या घरातलं ताकात भिजवलेलं ज्वारीचं पीठ सकाळी उचलून बघा. हात आपोआप खाली जातो.

काही कोशप्रेमी 'आंबणे' थेट आंब्यापासून काढतात. त्यांनी जरा कान द्यावा. ताम्रचं तांबं झालं, आम्रचा आंबा झाला, तसंच अम्लचं 'आंब'. म आणि पुढचा र किंवा ल यांच्यामध्ये ब घुसतो. आंबा नि आंबणे शेजारी राहतात, बाप मात्र वेगळे.

आणि बेळगावच्या टिळकवाडीतले माझे कन्नड स्नेही, जे 'तुम्ही आंबील आमच्या अंबलीवरून उचललीत' म्हणून दर संक्रांतीला भांडतात, त्यांनी आधी पाली भाषेत 'अंबिल' म्हणजे आंबट कसं, ते समजावून द्यावं. मग सीमाप्रश्न बघू.