वाचकांचे प्रश्न : एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर

गेल्या अंकात मी अमेरिकेतल्या विद्यापीठ-फुटबॉलवर (आपला पायाने खेळायचा नव्हे, हातात चेंडू घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल) लिहिलं होतं. 1915 पासूनचा वारसा सांगणारी, पॅसिफिक किनाऱ्यावरची ‘पॅक-12’ ही कॉन्फरन्स 2023 च्या उन्हाळ्यात कशी रिकामी झाली, हा लेखाचा विषय. माझी मुलगी ऑरेगन राज्यात कॉर्व्हॅलिसला, ऑरेगन स्टेट विद्यापीठात शिकली. तिच्याकडे राहायला गेले तेव्हा या खेळाची गोडी लागली आणि ठाण्याला परतल्यावरही ती सुटली नाही. लेखावर आलेली बहुतेक पत्रं एकाच वळणाची आहेत: अमुक झालं नसतं तर? म्हणून या वेळी फक्त हेच प्रश्न घेते.

प्रश्न : बाई, मी तुमचा जुना विद्यार्थी. ऐरोलीत रात्रपाळी करतो. क्लायंटकडची माणसं सोमवारी फुटबॉलशिवाय दुसरं बोलत नाहीत. कॉन्फरन्स म्हणजे आपल्याकडची लीगच ना? आणि हे सगळं फिसकटलं ते नेमकं कधी?
(ऐरोली)

उत्तर : लीग म्हटलं की आपल्याला वर एखादं मंडळ दिसतं. कॉन्फरन्स ही सभासद विद्यापीठांच्या मालकीची असते. कुलगुरू मतदान करतात, नवा सभासद घ्यायचा की नाही ते ठरवतात, सामन्यांचे टीव्ही हक्क एकत्र विकतात आणि पैसे वाटून घेतात. खाली-वर ढकलणं नाही. हरलात म्हणून कोणी बाहेर काढत नाही, जिंकलात म्हणून कोणी आत घेत नाही.

फिसकटण्याची तारीख बहुतेक जण 27 जून 1984 सांगतात. त्याआधी कोणत्या संघाचे किती सामने टीव्हीवर दिसणार, हे एनसीएए ही मध्यवर्ती संस्था ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी ती मक्तेदारी मोडली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कोलोरॅडोचे गाजलेले फुटबॉलपटू होते. या खेळाला निव्वळ बाजारातला माल समजू नका, असा त्यांचा सूर होता. मला त्यांचं म्हणणं आजही पटतं.

पण पर्यायी इतिहासासाठी ही तारीख मी घेणार नाही. निकाल उलटायला तीन न्यायमूर्तींची मतं फिरवावी लागतात. एवढा फेरफार केला की मग काहीही घडवता येतं आणि वाचकाला त्यात गंमत वाटत नाही. शिवाय निकाल लागला म्हणून दुसऱ्या दिवशी काही कोसळलं नाही. बरीच मोठी विद्यापीठं पुढेही कॉलेज फुटबॉल असोसिएशनमार्फत एकत्रच हक्क विकत होती. नोटर डेम विद्यापीठाने 1990 मध्ये एनबीसी या टीव्ही कंपनीशी स्वतंत्र करार केला आणि तिथून ती एकी उसवत गेली.

प्रश्न : ताई, माझा मुलगा पेन स्टेटमध्ये एमएस करतोय. फोनवर सांगत होता, आमचं विद्यापीठ एका मताने पूर्वेच्या कॉन्फरन्समध्ये जायचं राहिलं. हे खरं का? गेलं असतं तर काय फरक पडला असता?
(घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : खरं आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयातला हाच सगळ्यात चांगला सांधा आहे, म्हणजे इतिहासाची गाडी दुसऱ्या रुळावर जाऊ शकली असती ती जागा.

1980 च्या आसपास पेन स्टेट, पिट्सबर्ग, सिरॅक्यूज, बॉस्टन कॉलेज ही पूर्वेची विद्यापीठं फुटबॉलमध्ये कोणत्याच कॉन्फरन्सची नव्हती. पेन स्टेटचे प्रशिक्षक जो पॅटर्नो यांच्या मनात पूर्वेची सर्व खेळांची एक कॉन्फरन्स उभी करायची होती. पण 1979 मध्ये बास्केटबॉलसाठी ‘बिग ईस्ट’ निघाली आणि सिरॅक्यूज, बॉस्टन कॉलेज तिकडे गेली. 1982 मध्ये पेन स्टेटला आत घेण्याचा विषय मतदानाला आला. आठांपैकी सहा मतं हवी होती, पाच पडली. बहुतेक सभासद बास्केटबॉलवाले. फुटबॉलचा हत्ती घरात कशाला घ्या, असं काहींना वाटलं असणार. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर ते समजण्यासारखंही आहे.

आता सहावं मत पडलं असं धरू. पेन स्टेट, सिरॅक्यूज, बॉस्टन कॉलेज आणि त्याच वर्षी आत आलेलं पिट्सबर्ग. फुटबॉलची पूर्व बाजू 1982 मध्येच बांधली जाते. प्रत्यक्षात बिग ईस्टने फुटबॉल सुरू केलं ते 1991 मध्ये, तोवर पेन स्टेट 1990 मध्ये ‘बिग टेन’ या जुन्या, बड्या कॉन्फरन्सला होकार देऊन बसलं होतं. आमच्या पर्यायी जगात बिग टेन दहाचीच राहते. मग 2014 चं काय? बिग टेनने मेरीलँड आणि रटगर्स घेतले त्यामागे न्यूयॉर्क-वॉशिंग्टन पट्ट्यातले टीव्ही ग्राहक होते आणि पूर्वेला एकट्या पडलेल्या पेन स्टेटला शेजार देणंही होतं. पेन स्टेटच आत नसेल तर हा पूल टाकायचा कुठून कुठे? 1953 मध्ये एसीसी या अटलांटिक किनाऱ्यावरच्या कॉन्फरन्सच्या स्थापनेत सहभागी असलेलं मेरीलँड कदाचित आजही तिथेच असतं.

मात्र सगळं या एका मतावर लादू नका. टेक्सासची साउथवेस्ट कॉन्फरन्स 1996 मध्ये संपली, ती या जगातही संपलीच असती. तिच्यातल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठावर 1987 मध्ये अख्ख्या मोसमाची बंदी आली होती आणि आर्कान्सा विद्यापीठ 1990 मध्ये एसईसी या दक्षिणेच्या कॉन्फरन्सकडे निघालं होतं. त्या आजाराचा पेन स्टेटशी संबंध नव्हता.

मुलाला सांगा, त्याच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात 1982 ची स्थानिक वर्तमानपत्रं नक्की असतील. ती चाळण्यात एखादी सुट्टी सत्कारणी लागेल.

प्रश्न : लेख वाचून आमच्या शीळफाट्याजवळच्या चौदा गावांची आठवण झाली. नवी मुंबई महापालिकेत होती, बाहेर पडली, आता पुन्हा आत. हे तसंच की काय?
(महापे)

उत्तर : बरंचसं तसंच. 2007 मध्ये ती गावं बाहेर पडली तेव्हा कर आणि हक्क यांचं गणित एक होतं. नंतर पाणी, रस्ते, कचरा यांचं गणित वेगळं दिसायला लागलं आणि तीच सीमा नकोशी झाली. मिशिगनचंही असंच झालं. 1896 च्या संस्थापकांपैकी एक, पण नियम जाचक वाटले म्हणून 1907 च्या सुमारास बिग टेनमधून बाहेर पडलं आणि 1917 मध्ये परत आलं. मिशिगन-ओहायो स्टेट ही आज देशातली सर्वांत पेटती चुरस आहे आणि ओहायो स्टेट आत आलं 1912 मध्ये, म्हणजे मिशिगन बाहेर असताना! मिशिगन बाहेरच राहिलं असतं तर ती चुरस आजच्या रूपात उभी राहिली असती असं मला वाटत नाही.

फरक एवढाच, की गावांचा निर्णय शेवटी मंत्रालयात होतो. कॉन्फरन्सला वर मंत्रालय नाही. म्हणूनच तिथे रातोरात होतं.

प्रश्न : शिकागो विद्यापीठाने फुटबॉल सोडलं नसतं तर अणुभट्टी झाली असती का? तुम्ही फिजिक्सच्या, म्हणून विचारते.
(नौपाडा, ठाणे)

उत्तर : किती छान प्रश्न! शिकागो हे बिग टेनचं संस्थापक सभासद. वर्षातल्या सर्वोत्तम विद्यापीठ-फुटबॉलपटूची पहिली हाइजमन ट्रॉफी 1935 मध्ये त्यांच्याच जे बरवँगरला मिळाली. 1939 च्या डिसेंबरमध्ये अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी फुटबॉल बंद केलं. मैदान ओस पडलं आणि 2 डिसेंबर 1942 रोजी त्याच स्टॅग फील्डच्या पश्चिम स्टँडखाली एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया घडवली.

तरी उत्तर ‘हो, झालीच असती’ असं आहे. ती भट्टी मुळात शहराबाहेर आरगॉनच्या जंगलात व्हायची होती. तिथलं बांधकाम कामगारांच्या संपामुळे रखडलं म्हणून स्टँडखालची जागा घेतली. स्टँड भरलेला असता तर थोडं थांबून जंगलात झाली असती. फुटबॉलच्या बाजूने मात्र परिणाम मोठा आहे. शिकागो 1946 मध्ये बाहेर पडलं आणि त्या रिकाम्या खुर्चीवर 1949 मध्ये मिशिगन स्टेट आलं. खुर्ची रिकामी झालीच नसती तर मिशिगन स्टेट कुठे असतं, यावर स्वतंत्र लिहायला हवं.

प्रश्न : 2010 मध्ये टेक्सास विद्यापीठ पश्चिमेला गेलं असतं तर तुमचं कॉर्व्हॅलिस वाचलं असतं असं मी वाचलं. तुमचं मत काय?
(नेरुळ)

उत्तर : या प्रश्नाला मी जरा वेळ देणार आहे.

2010 च्या जूनमध्ये पॅक-10 चे (पॅक-12 चं तेव्हाचं नाव, सभासद दहा) आयुक्त लॅरी स्कॉट सोळा सभासदांचा आराखडा घेऊन निघाले होते. टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक, ओक्लाहोमा, ओक्लाहोमा स्टेट आणि कोलोरॅडो. यातलं फक्त कोलोरॅडो आलं. टेक्सास ‘बिग 12’ या आपल्या आधीच्याच कॉन्फरन्समध्ये थांबलं आणि पुढच्या जानेवारीत ईएसपीएनशी 20 वर्षांसाठी 30 कोटी डॉलरचा स्वतःच्या वाहिनीचा करार करून मोकळं झालं.

त्या आराखड्यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचे दोन भाग. नव्यांसोबत ॲरिझोनाची दोन विद्यापीठं पूर्व भागात, आणि पश्चिम भागात वॉशिंग्टन, ऑरेगन, कॅलिफोर्नियाची जुनी आठ. म्हणजे ऑरेगन स्टेटला पुन्हा आपले शेजारी मिळाले असते. कॉर्व्हॅलिसपासून युजीन, म्हणजे ऑरेगन विद्यापीठाचं गाव, साधारण 65 किलोमीटर. या दोघांत 1894 पासून सामने होतात. नोव्हेंबरच्या शेवटी, मोसमाच्या टोकाला होणारा तो सामना म्हणजे त्या राज्याचा सण. एकाच घरात भाऊ नारिंगी घालतो, बहीण हिरवा. 2024 पासून तो सामना सप्टेंबरमध्ये ढकलला गेला, कारण आता दोघांच्या कॉन्फरन्स वेगळ्या. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं आणि आजही वाटतं.

पण 2010 ने कॉर्व्हॅलिस वाचलं असतं का? काही वर्षं, हो. कायमचं, नाही. ज्याला स्वतःची वाहिनी हवी, तो समान वाटणीच्या घरात फार दिवस रमत नाही. तेच टेक्सास ओक्लाहोमाला घेऊन 2021 मध्ये एसईसीकडे वळलं. पॅक-16 मधूनही वळलं असतं.

माझा सांधा 2021 चा ऑगस्ट आहे. टेक्सास-ओक्लाहोमा निघाल्यावर बिग 12 मधली उरलेली आठ विद्यापीठं घाबरलेली होती, आसरा शोधत होती. पॅक-12 ने 26 ऑगस्टला जाहीर केलं, आम्हाला विस्तार करायचा नाही. त्याआधी दोनच दिवस बिग टेन आणि एसीसीबरोबर ‘अलायन्स’ जाहीर झाली होती, एकमेकांवर विश्वास ठेवण्याची. लेखी करार नव्हताच. 30 जून 2022 ला त्याच बिग टेनने पॅक-12 मधली लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं, यूएससी आणि यूसीएलए, उचलली.

समजा, पॅक-12 ने त्या आठांना घेतलं असतं. लॉस एंजेलिसची दोघं तरीही गेली असती असं मी मानते. बिग टेनचा 2022 चा टीव्ही करार सात वर्षांसाठी 700 कोटी डॉलरच्या वरचा होता, त्यापुढे मैत्री टिकत नाही. पण मागे अठरा जण उरले असते. आणि मुख्य म्हणजे पळून जायला बिग 12 नावाचं दुसरं घरच उरलं नसतं. प्रत्यक्षात काय झालं? बिग 12 ने नवे सभासद घेतले, 2022 च्या ऑक्टोबरमध्ये पॅक-12 च्या आधी टीव्ही करार उरकला आणि 2023 च्या जुलैत कोलोरॅडो तिकडे गेलं. 4 ऑगस्टला एका दिवसात ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनला, ॲरिझोनाची दोन्ही आणि युटा बिग 12 ला. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया थोड्याच दिवसांत अटलांटिकच्या नावाने चालणाऱ्या एसीसीत गेले. राहिले ऑरेगन स्टेट आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट. ऑरेगन स्टेटने पश्चिम स्टँड पाडून नव्याने बांधला होता, आणि तो त्याच मोसमात उघडायचा होता.

हे दोघं गप्प बसले नाहीत याचा मला अभिमान आहे. कोर्टात जाऊन त्यांनी कॉन्फरन्सचा कारभार स्वतःकडे घेतला. बॉइझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सास स्टेट असे सभासद जमवले आणि 1 जुलै 2026 ही नव्या पॅक-12 ची तारीख ठरवली.

प्रश्न : आजी, मी बारावीत आहे. पर्यायी इतिहासाची गोष्ट लिहायची आहे. उलव्यात विमानतळ झाल्यापासून विमानांवरच काहीतरी लिहावंसं वाटतंय. फुटबॉल आणि विमान असं काही आहे का?
(उलवे)

उत्तर : आहे, आणि तुझ्यासाठीच राखून ठेवल्यासारखं आहे. 1959 मध्ये पैशांच्या घोटाळ्यांनी पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे पॅक-12 ची पूर्वज, मोडली. त्याच वर्षी जानेवारीत बोइंग 707 ची लॉस एंजेलिस-न्यूयॉर्क जेट सेवा सुरू झाली होती. नौदलातले निवृत्त ॲडमिरल टॉम हॅमिल्टन यांनी सुचवलं, की आता अंतर राहिलं नाही, तर किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत एकच कॉन्फरन्स काढू: पश्चिमेची बडी विद्यापीठं, नोटर डेम, पूर्वेची काही आणि लष्कर, नौदल, हवाईदलाच्या अकादमी. लोक तिला ‘एअरप्लेन कॉन्फरन्स’ म्हणत. पेंटॅगॉनने अकादमींना परवानगी दिली नाही आणि बेत बारगळला.

तू पेंटॅगॉनचा होकार घे आणि 1960 च्या मोसमापासून सुरुवात कर. बाकी काहीही बदलू नकोस. त्या काळी टीव्हीची दोरी एनसीएएच्या हातात होती, हे विसरू नकोस. म्हणजे विमानाचा खर्च तिकिटांतूनच काढावा लागेल. पोरं शुक्रवारचा तास बुडवून जातील का, प्राध्यापक काय म्हणतील, हेही येऊ दे. लिहून झालं की पाठव. दिवाळी अंकासाठी संपादकांकडे मी स्वतः नेऊन देईन.