पावणेतीन किलोचा कॅमेरा आणि लेन्स दिवसभर कशी वागवायची, मान न दुखता?

तुमच्याकडे निकॉन डी७५०० आहे, त्यावर टॅमरॉनची १५०-६०० जी२ ही लांबचं टिपणारी मोठी लेन्स. हिवाळ्यात पक्ष्यांसाठी हतनूर धरण, जमलं तर पाटणादेवीचं जंगल आणि सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा असा बेत आहे. मागच्या वेळी तासाभरात मान धरली, म्हणून "कोणती बॅग घेऊ?" असं विचारलंय. मी भुसावळचा. लग्नसराईत पोटासाठी आणि उरलेल्या रविवारी पक्ष्यांसाठी कॅमेरा उचलतो. बॅगेचं नंतर बघू, आधी गळ्यातला पट्टा काढा.

बॅटरी-कार्डासकट बॉडी, म्हणजे लेन्सशिवाय नुसता कॅमेरा, ७२० ग्रॅम, लेन्स साधारण दोन किलो. झाले जवळपास पावणेतीन किलो. ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं कशाला बांधतात? त्याला लांब जाता येऊ नये म्हणून. खोक्यात मिळालेला तो पट्टा या लेन्सबरोबर नेमकं तेच काम करतो. शिवाय तो बॉडीला अडकवलेला, म्हणजे दोन किलोची लेन्स माउंटवर, ती बॉडीला जोडते त्या कड्यावर, लोंबकळणार. एवढ्या मोठ्या लेन्सभोवती ट्रायपॉडला बसवायचं कडं असतं, ट्रायपॉड कॉलर; लेन्स त्या कॉलरच्या पायाला धरूनच उचलायची, आणि पट्टाही त्या पायालाच लावायचा.

आमच्याकडे रावेर-यावलला केळी काढणी चालू असताना एकदा बांधावर उभं राहून बघा. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन माणूस सऱ्या ओलांडत गाडीपर्यंत येतो. खांद्यावर कापडाची जाड घडी, घड कानाला टेकलेला, एक हात वर. पाठ ताठ, वजन सरळ कमरेतून पायात. तो घड गळ्यात दोरीने बांधून पोटावर लोंबकळत नेताना मी अजून कोणाला पाहिलं नाही. आपण फोटोवाले मात्र हौसेने तेच करतो.

तुमच्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे तिरका पट्टा, एका खांद्यावरून दुसऱ्या बाजूच्या कमरेकडे येणारा. लेन्स उलटी, कुल्ल्यापाशी लटकते, हात खाली सोडला की कॉलरचा पाय हाताशी येतो आणि पक्षी दिसला की पट्ट्यावरून सरकत थेट डोळ्याला. खांद्यावरची गादी रुंद हवी. नसेल तर गमछाची चौपदरी घडी पट्ट्याखाली घाला, मी अजून तेच करतो. चालताना एक हात लेन्सवर असू द्या, नाहीतर ती बाभळीच्या प्रत्येक फांदीला नमस्कार करत जाते.

या पट्ट्याची एक खोड माझ्या अंगाशी आली आहे. तो पाव इंची स्क्रूवर लटकतो, आणि चालताना होणाऱ्या हेलकाव्यांनी स्क्रू हळूहळू सुटतो. चांगदेवच्या बाजूला, तापी-पूर्णेच्या संगमाजवळ काठाने चालत होतो. समोर चक्रवाकांची जोडी, माझं सगळं लक्ष तिकडे. खांदा एकदम हलका झाला. आधी बरं वाटलं, आणि मग 'थप्प' असा आवाज. लेन्स हूडावर, म्हणजे पुढच्या झापडीवर, पडून गाळात वीतभर रुतली होती. हूडाला तडा गेला, फिल्टरची कडा वाकली, बाकी वाचलं ते केवळ गाळ होता म्हणून. तिथे खडक असता तर हे उत्तर लिहायला मी फोटोग्राफर उरलो नसतो. तेव्हापासून स्क्रूखाली रबरी वॉशर असतो, दर अर्ध्या तासाने अंगठ्याने स्क्रू पिळून बघतो, आणि पट्ट्याच्या कडीपासून बॉडीच्या कडीपर्यंत एक बारीक, मजबूत नाडी सैलसर बांधलेली असते. ही नाडी दहा-वीस रुपयांची, पण ती नसेल तर तिरका पट्टा वापरूच नका.

बॅगेच्या खांदपट्टीवर कॅमेरा अडकवायची क्लिप मिळते. लहान लेन्स असेल तर ती झकास. १५०-६०० तिच्यावर लावलीत तर एक खांदा दिवसभर ओढला जाईल.

आता बॅग. पाठीवरच्या बॅगेत बघायची खरी गोष्ट म्हणजे कमरेचा पट्टा, खिसे किती ते नंतर. बऱ्याच कॅमेरा बॅगांना कमरेला नुसती नाडीवजा पट्टी असते. ती बॅग हलू नये एवढ्यापुरती, वजन काही पेलत नाही. वजन पेलायला गादीचा, चार बोटं रुंद पट्टा लागतो आणि तो पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. घालताना क्रम असा: सगळे पट्टे सैल, बॅग पाठीवर, खांदे वर उचलून आधी कमरेचं बक्कल घट्ट, मग खांद्याचे पट्टे, शेवटी छातीचा. नीट बसलं असेल तर खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज जातं. जड लेन्स पाठीला चिकटून, हलकं सामान बाहेरच्या बाजूला. माझ्या जुन्या बॅगेला असा पट्टा नव्हता. शाळेची दप्तरं शिवणाऱ्याकडून लावून घेतला, त्याने आत फोमच्या दोन घड्या घातल्या. दिसायला बैलाच्या जुंपणीसारखा आहे, पण सहा किलो कमरेवर घेतो.

पाटणादेवीला हाच उपयोगी पडेल. कण्हेरगड चढताना किंवा पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे जाताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून चढावर सगळं बॅगेत, थांबल्यावर बाहेर. तिरक्या पट्ट्यावरची लेन्स तिथे दगडाला आपटते. वाटेत एका म्हाताऱ्या बाबांनी मला विचारलं होतं, "हाई काय बंदूक शे का भाऊ?" बंदूक खांद्यावर तरी ठेवता येते, बाबा.

आणि पाणी. आपल्याकडे फेब्रुवारी सरला की तीन लिटर पाणी अंगावर हवंच, म्हणजे तीन किलो. ते कमी करायचं नाही, त्यामुळे काचा, म्हणजे लेन्स, कमी करायच्या. मी मार्चनंतर एक बॉडी, एक लेन्स यापलीकडे जात नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते, तेव्हा काळ्या बॅगेवर पांढरा कपडा टाका आणि बंद गाडीत सामान सोडू नका.

सारंगखेड्याला १५०-६०० नेऊच नका. दत्तजयंतीची गर्दी, घोड्यांच्या टापांची धूळ, त्यात पाठीवरची बॅग म्हणजे मागच्याला धक्का आणि घोड्याला दचका. बॉडीवर एक मधली झूम, मनगटाचा पट्टा, कमरेला छोटा पाउच, त्यात बॅटरी-कार्ड. लेन्स धुळीत बदलायची वेळच येऊ देऊ नका.

मोटरसायकलने येणार असाल तर लेन्स बॉडीवरून काढून गादीत गुंडाळा आणि बॅग पाठीवरच घ्या. खांद्याचे पट्टे थोडे सैल सोडा, म्हणजे बॅगेचा तळ सीटवर टेकतो आणि खड्ड्यांचा मार खांद्यांना बसत नाही. टाकीवर किंवा मागच्या डब्यात ठेवलं की इंजिनाच्या थरथरीने लेन्सचे बारीक स्क्रू सैल होतात.

गाडीच्या खिडकीतून फोटो काढायचे असतील तर लेन्सखाली टेकू म्हणून ठेवायच्या बीनबॅगची खोळ रिकामी न्या आणि वाटेतल्या दुकानातून दोन-तीन किलो दादर ज्वारी घेऊन भरा. आमच्या घरी रविवारच्या बीनबॅगच्या भाकरी सोमवारी होतात. बायकोची तक्रार नाही, फक्त खोळ धुतलेली लागते.

एवढं करूनही बॅग घ्यायचीच असेल तर दुकानात रिकामी खांद्याला लावून बघू नका. आपला सगळा पसारा आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन जा, तिथेच भरा आणि रस्त्यावर दहा मिनिटं चालून या. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू द्या, मान तुमची आहे.