पाच अंशांच्या हवेत हिमनदी कशी वितळते?

प्रश्न : स्वालबार्डला (आर्क्टिकमधला नॉर्वेचा द्वीपसमूह) ऐन उन्हाळ्यातही हवा जेमतेम ५-६ अंशांची असते. मग तिथला बर्फ इतका वितळतो कसा? पावसामुळे का? आणि हे मोजतात कसं?
– एक वाचक, वास्को

उत्तर : नुसत्या थर्मामीटरवर विसंबलात तर फसाल. तिथल्या बर्फाला सर्वांत जास्त ऊर्जा बहुधा उन्हातून मिळते. ७९ अंश उत्तरेला, तिथल्या नी-आलेसुंद या वस्तीत (भारताचं ‘हिमाद्री’ स्थानक २००८ पासून इथेच आहे), एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही. ऊन तिरपं, पण चोवीस तास.

त्यातलं किती मुरतं, हे पृष्ठभागाच्या रंगावर ठरतं. ताजं हिम ८०-९० टक्के ऊन परतवतं, उघडा पडलेला मळकट बर्फ फक्त ३०-४० टक्के. चौरस मीटरला २५० वॅट ऊन आलं, तर हिमात साधारण ४० वॅट मुरतात, बर्फात १६०. म्हणून हिवाळी हिमाचा थर कधी संपतो, ती तारीख फार महत्त्वाची.

आता हिशोब. उष्णतेची सगळी देवघेव वजा जाता चौरस मीटरमागे दिवसभर सरासरी १०० वॅट उरले, तर होतात ८६.४ लाख ज्यूल. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळायला ३.३४ लाख लागतात. म्हणजे २६ किलो, अर्थात २६ मिलिमीटर पाणी. मात्र मोसमाच्या सुरुवातीला हे पाणी थंड हिमात झिरपून पुन्हा गोठतं आणि थराला ऊब देतं. ओढ्याला काहीच येत नाही.

पावसाचा दोष वाटतो तेवढा नाही. ५ अंशांचा १० मिलिमीटर पाऊस जेमतेम ०.६ मिलिमीटर वितळवतो. खरं काम करतो सोबतचा दमट वारा : एक किलो बाष्प बर्फावर पाणी होऊन बसलं, की साडेसात किलो बर्फ वितळेल एवढी उष्णता सोडतं. शिवाय शून्य अंशाचा पृष्ठभाग चौरस मीटरमागे ३१५ वॅट उष्णता बाहेर फेकतो. सखल ढग त्यातले बहुतेक भरून देतात, निरभ्र आकाश देत नाही.

मोजताना एक प्रारणमापक (ऊन मोजणारं उपकरण) येणाऱ्या उन्हासाठी वर तोंड करून, दुसरा परतणाऱ्या उन्हासाठी खाली तोंड करून बसवतात. पायाखालचा बर्फ वितळून खांब कलतो, आणि तिरप्या उन्हात थोडासा कलही आकडे बिघडवतो. वरच्या काचेवर हिमकण साचले, तर परतणारं ऊन येणाऱ्यापेक्षा जास्त दिसतं. ती नोंद सरळ टाकावी. पडताळ्याला बर्फात भोक पाडून रोवलेली काठी असतेच. उघड्या बर्फात ती २९ मिलिमीटर जास्त वर दिसली, तर ०.९ ने गुणा (बर्फ पाण्यापेक्षा तेवढा हलका) : २६ मिलिमीटर पाणी.