बेदरकार बाइकस्वार: कलमं पुरेशी आहेत, लागतात भलतीच

प्रश्न थोडक्यात असा आहे: संध्याकाळी चार-सहा पोरं पुढचं चाक उचलत, उलट्या दिशेने, सायलेन्सर बदललेल्या गाड्या घेऊन रस्त्यावरून जातात. पोलीस पाचशे-हजाराचं चलान करतात आणि दुसऱ्या दिवशी तीच पोरं पुन्हा हजर. मग अशांना सरळ आत टाकणारा कायदा का नाही, आणि शिक्षा नेमकी काय असावी?

आत टाकणारा कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, धोकादायक वाहन चालवणं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा तसंच केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. धोकादायक म्हणजे काय तेही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय: सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरून चालवणं, नियम मोडून ओव्हरटेक करणं, वाहतुकीच्या उलट दिशेने जाणं. शेवटी एक व्यापक वाक्य आहे. सक्षम आणि काळजीपूर्वक चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्या खूपच खाली असलेलं, आणि तशा चालकाला धोका उघड दिसेल असं चालवणं. व्हीली, म्हणजे पुढचं चाक उचलून चालवणं, याच वाक्यात बसते, तिच्यासाठी वेगळं कलम लागत नाही.

गोची पुढे आहे. हातातल्या मोबाइलचा भाग सोडला तर १८४ जागेवर तडजोड शुल्क घेऊन मिटवता येत नाही, कोर्टात पाठवावं लागतं. म्हणून उलट्या दिशेने आलेल्याला किंवा सिग्नल तोडणाऱ्याला चलान निघतं ते ११९/१७७ चं, म्हणजे वाहतूक चिन्ह न पाळल्याचं. पहिल्या वेळी पाचशे रुपये, विषय संपला. फार तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा हयगयीने चालवणं, लागतं. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपये दंड आहे, आणि गुन्हा कबूल केला की बहुतेक वेळा दंडावरच भागतं.

याचा खरा तोटा त्या पाचशे रुपयांत नाही. १८४ ची दोषसिद्धी रेकॉर्डवर नसली की 'दुसऱ्यांदा' हा शब्दच लागू होत नाही. कायद्याचं कलम २१ फार कमी लोक वाचतात. आधी १८४ खाली दोषी ठरलेल्या माणसावर धोकादायक चालवून मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवल्याचा गुन्हा नोंदला गेला, की त्या तारखेपासून त्याचं लायसन्स सहा महिने आपोआप निलंबित होतं. खटल्याची वाट बघायची नाही. पण पहिल्या वेळी ११९/१७७ लावून सोडून दिलेला पोरगा या कलमात कधीच येत नाही. पाच वेळा पकडला गेला तरी १८४ च्या लेखी तो दर वेळी नवखा.

आता 'शिक्षा वाढवा' याबद्दल. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. ज्याच्या चुकीने अपघात झाला तो चालवणाराच गेला असेल, तर मेल्यानंतर शिक्षा ठोठावणारी कलमं कोणालाच लागू होत नाहीत. म्हणून निष्पन्न काय झालं यापेक्षा वागणं काय होतं यावर, आणि लगेच, शिक्षा व्हायला हवी असं माझं मत आहे. चार वर्षांनी होणाऱ्या दोन वर्षांच्या कैदेपेक्षा आठवडाभरात तीन महिन्यांसाठी गेलेलं लायसन्स आणि महिनाभर पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहिलेली गाडी जास्त झोंबते.

वागण्यालाच शिक्षा का, ते आकड्यांत बघा. कोरडा डांबरी रस्ता, दोन्ही ब्रेक नीट, प्रतिक्रियेला एक सेकंद आणि ०.७ जी (गुरुत्वीय त्वरणाच्या ०.७ पट) इतकं ब्रेकिंग धरलं, तर ६० च्या वेगात गाडी थांबायला साधारण ३७ मीटर लागतात. ८० च्या वेगात ५८ मीटर. पण महत्त्वाचा आकडा वेगळा आहे: ६० वाला जिथे पूर्ण थांबलेला असतो, त्याच जागी ८० वाला अजून सुमारे ६१ च्या वेगात असतो. 'फक्त वीसने जास्त होता' म्हणजे धडक ० ऐवजी ६१ ने. आणि पुढचं चाक हवेत असेल तर हिशेबच बदलतो. मोटरसायकलचं बहुतांश ब्रेकिंग पुढच्या चाकावर होतं, दिशाही तेच चाक ठरवतं. हवेत असताना यातलं काहीच हातात नाही. मागच्या ब्रेकने फार तर चाक खाली आणता येतं, ते खाली टेकतं तेव्हा हँडल सरळ नसेल तर गाडी झटका देऊन लोळते. समोर मूल आलं तर काय करणार, याला तांत्रिक उत्तरच नाही. म्हणून व्हीलीच्या अपघातात 'अचानक आडवा आला' हा बचाव मला पटत नाही.

मृत्यू झाला तर कुठलं कलम, यावरही गोंधळ असतो. न्याय संहितेचं १०६(१) म्हणजे हयगयीने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद, जामीनपात्र. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये दोनच वर्षं होती. पळून गेल्यास दहा वर्षं सांगणारं १०६(२) कागदावर आहे, पण १ जुलै २०२४ ला बाकी संहिता लागू झाली तेव्हा तेवढं पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. त्यामुळे त्याचा धाक दाखवणारे फॉरवर्ड विसरा. आपल्या वागण्याने माणूस मरू शकतो हे माहीत असूनही ते केलं, असं दाखवता आलं तर कलम १०५, सदोष मनुष्यवध. तो अजामीनपात्र आणि सत्र न्यायालयात चालतो. मुंबईच्या कार्टर रोडवर २००६ साली दारू पिऊन चालवलेल्या कारखाली सात मजूर मेले, त्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये जुन्या ३०४ भाग दोनची, म्हणजे सदोष मनुष्यवधाची, शिक्षा कायम केली. म्हणजे वाट मोकळी आहे. पण प्रत्येक अपघाताला १०५ लावा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. 'जाणीव' सिद्ध झाली नाही की वर्षानुवर्षं चाललेला खटला शेवटी पुन्हा १०६ वरच येतो.

रेसिंगसाठी कलम १८९ आहे: पहिल्या वेळी तीन महिने किंवा पाच हजार, पुढच्या वेळी एक वर्ष किंवा दहा हजार. त्यात शर्यत किंवा वेगाची चाचणी सिद्ध करावी लागते, त्यामुळे एकटाच सुसाट सुटलेला त्यातून निसटतो. जर्मनीने २०१७ मध्ये दंडसंहितेत ३१५-ड घातलं तेव्हा हीच फट बुजवली. जास्तीत जास्त वेग गाठायच्या हेतूने, नियम धाब्यावर बसवून एकट्याने चालवणंही त्यात 'शर्यत' ठरतं, आणि वाहन कायमचं जप्त होऊ शकतं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २००६ पासून असल्या प्रकारांत पोलीस गाडी जागेवर ताब्यात घेतात. आपल्याकडे कलम २०७ खाली पोलीस गाडी अडकवतात ती लायसन्स, वय, नोंदणी, परमिट यांच्यासाठी. धोकादायक चालवलं एवढ्या कारणावर नाही. तेव्हा २८१ चा गुन्हा नोंदवून गाडी मुद्देमाल म्हणून घेतात, आणि मालक कोर्टातून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागितली की हजर करीन अशा हमीवर, ती सोडवून नेतो. बदल करायचाच तर मी आधी इथे करेन: २०७ मध्ये १८४ आणि १८९ घाला, पहिल्या वेळी सात दिवस, दुसऱ्या वेळी तीस, पार्किंगचा खर्च मालकाचा. कैद ठेवावी ती दुसऱ्यांदा सापडणाऱ्याला, पोलिसाच्या अंगावर गाडी घालणाऱ्याला आणि निलंबित लायसन्सवर चालवणाऱ्याला. या शेवटच्यासाठी कलम १८२ मध्ये आजही तीन महिने किंवा दहा हजार आहेत.

सायलेन्सरबद्दल एक गोष्ट. जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून वरून रोलर फिरवतात, फोटो छान येतात. पण डेसिबल मोजत बसण्यापेक्षा कलम १८२-अ(४) सोपं आहे. गाडीत कायद्यात न बसणारा बदल केला की मालकाला प्रत्येक बदलामागे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड. इथे आवाज सिद्ध करायचा नाही, बदल दिसला की झालं. उठाबशा काढायला लावणं, रस्त्यात झोडपणं याला तर कायद्यात जागाच नाही, आणि पुढे तेच आरोपीच्या वकिलाला आयतं मिळतं.

अठराच्या आतला पोरगा असेल तर कलम १९९-अ बघा. पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. पालकाची संमती होती असंच कायदा धरून चालतो, आपल्याला माहीत नव्हतं हे त्याने सिद्ध करायचं. तक्रारीत वयाचा उल्लेख नसला की हे कलम राहून जाऊ शकतं, म्हणून संशय असेल तर 'चालक अल्पवयीन असावा, वयाची खातरजमा व्हावी' असं स्पष्ट लिहा.

आता तक्रार कशी करायची. इथे बहुतेकांचं काम बिघडतं.

फिर्यादींत एक ठरलेलं वाक्य असतं: 'आपल्या ताब्यातील मोटारसायकल भरधाव वेगाने, हयगयीने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून'. नुसत्या 'भरधाव'ने हयगय सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या खटल्यात सांगितलं आहे. त्यामुळे वेगाचं विशेषण लिहू नका, परिस्थिती लिहा. रस्ता किती रुंद, त्या वेळी पायी माणसं किती, शाळा सुटली होती का, चाक किती अंतर उचललेलं होतं, कोणाला बाजूला उडी मारावी लागली.

व्हिडिओ असेल तर मूळ फाइल आहे त्याच फोनमध्ये ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली प्रत दाबली जाते, तिच्यातली तारीख-वेळेची माहिती गळते, हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ओळख-आकडा, बदलतं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) च्या प्रमाणपत्रात हेच हॅश मूल्य लिहावं लागतं, भाग 'अ' फाइल देणाऱ्याचा आणि भाग 'ब' तज्ज्ञाचा. पेन ड्राइव्हवर मूळ फाइलची प्रत करा, नाव बदलू नका, कापू नका, वर गाणं तर अजिबात चिकटवू नका.

सोसायटीचा किंवा दुकानाचा सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी लेखी मागा. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारी पेटी, जुनं पुसून वर नवं लिहितो, अनेक ठिकाणी आठवडा-पंधरवड्यातच. त्याचं घड्याळ किती पुढे-मागे आहे हे फोनच्या वेळेशी ताडून पंचनाम्यात घालायला सांगा. फुटेजवरून वेगही काढता येतो. दोन विजेच्या खांबांतलं अंतर टेपने मोजलं, ३० मीटर भरलं. गाडीचं पुढचं चाक पहिल्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत ३६ फ्रेममध्ये गेलं आणि रेकॉर्डिंग सेकंदाला २५ फ्रेमचं आहे, तर वेळ १.४४ सेकंद आणि वेग ताशी ७५ किलोमीटर. एक फ्रेम इकडे-तिकडे धरली तरी ७३ ते ७७. 'सत्तर-ऐंशी असेल' या साक्षीपेक्षा हे कितीतरी भक्कम आहे. फसतं ते दोन ठिकाणी: स्वस्त डीव्हीआर फ्रेम गाळतो, त्यामुळे फ्रेम-रेट कायम आहे ना ते मूळ फाइलवरच तपासावं लागतं. आणि कॅमेरा तिरका असेल तर खांब व चाक एका रेषेत आल्याचा भास होतो, म्हणून रस्त्यावरच्याच खुणा धरा, जसे पट्ट्यांची टोकं किंवा मॅनहोलची झाकणं.

प्रकार चालू असताना ११२. नंतर लेखी अर्ज पोलीस ठाण्यात, एक प्रत वाहतूक शाखेला, एक प्रादेशिक परिवहन कार्यालयाला. अर्जात '२८१ सह मोटार वाहन कायदा १८४' असं नाव घेऊन मागा, आणि त्याखाली 'कलम २०६(४) नुसार लायसन्स ताब्यात घेऊन परवाना प्राधिकरणाकडे पाठवावे' हे वाक्य टाका. हे पोटकलम १८४, १८९ सकट हेल्मेट आणि ट्रिपल सीटलाही लागू आहे, आणि पुढे कलम १९ खाली अपात्रतेची कारवाई परिवहन कार्यालय करतं, कोर्टाची वाट न बघता. गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना टपालाने, आणि तिथेही हललं नाही तर १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

महिनाभर काहीच झालं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज परिवहन कार्यालयात टाका. दोनच प्रश्न विचारा: अमुक पोलीस ठाण्याकडून गेल्या बारा महिन्यांत २०६(४) खाली किती लायसन्स आली, आणि त्यातल्या किती जणांना कलम १९ खाली अपात्र केलं. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. उत्तर 'निरंक' आलं तर तेच पान जोडून पुढचा अर्ज करा.