बोलकी नसलेली मुलगी वॉर्ड सांभाळू शकते का?

प्रश्न: मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अभ्यास आणि प्रोसिजर चांगल्या जमतात, पण चारचौघांत तोंडातून शब्द फुटत नाही. ट्यूटर म्हणाल्या, "तुझ्यात लीडरशिप नाही, तू स्टाफ नर्सच राहशील." मला पुढे वॉर्ड इनचार्ज व्हायचंय. करिअर कोचिंगने काही फरक पडेल, की हे मुळात अंगातच असावं लागतं?

उत्तर: ट्यूटरच्या वाक्यातला 'स्टाफ नर्सच' हा 'च' मला फार खटकला. नेतृत्व खुर्चीवर बसल्यावर सुरू होतं, असा समज त्यात आहे. खरं तर ते पेशंटच्या बेडपाशी सुरू होतं.

रात्रीचे दोन वाजलेत, असं समज. पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. पेशंट म्हणतोय, "बरंय." बीपी ठीक, ताप नाही. पण श्वास मिनिटाला १८ होता, तो २६ झालाय. प्रकृती बिघडतेय हे बऱ्याचदा श्वासाच्या वेगावरून आधी कळतं, आणि चार्टवर नेमका हाच आकडा अंदाजाने लिहिला जातो. तू घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलंस, म्हणून तुझ्या लक्षात आलं.

आता डॉक्टरांना फोन. "सर, पेशंट जरा ठीक वाटत नाही" म्हणालीस तर "सकाळी बघू" असं उत्तर येऊ शकतं. त्याऐवजी म्हण, "सर, बेड सातचा श्वास दोन तासांत १८ वरून २६ झालाय, नाडी ९० वरून ११६. परवा पोटाचं ऑपरेशन झालंय. मला इन्फेक्शनची शंका येतेय. आत्ता येऊन बघा." परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, मागणी. या चार पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या क्रमाला एसबार (SBAR) म्हणतात आणि तो अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आला. मुलींना सगळ्यात जड जातं ते शेवटचं वाक्य. कोचिंगचा खरा उपयोग तिथे होतो.

कोच तुला शिकवत बसत नाही. प्रिसेप्टर, म्हणजे वॉर्डातली अनुभवी नर्स, काम शिकवते, मेंटॉर आपल्या अनुभवातून सल्ला देते. कोच विचारते: कुठे अडलीस? तेव्हा कसली भीती वाटली? पुढच्या ड्यूटीला काय वेगळं करशील? मग त्याच प्रसंगाची तुझ्याकडून तालीम करून घेते. 'लीडर व्हायचंय' हे ध्येय घेऊन गेलीस तर चांगली कोच ते बारीक करायला लावेल, उदाहरणार्थ चार आठवड्यांत एका पेशंटचा हँडओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला द्यायची माहिती, न अडखळता देणं. दोन दिवसांत व्यक्तिमत्त्व बदलून देणाऱ्या शिबिरांवर पैसे घालवू नकोस. आणि तुझे मार्क जिच्या हातात आहेत तिला कोच करू नकोस. तिच्यापुढे तू चुका झाकशील.

एक गोष्ट मात्र तुझ्या एकटीच्या हातात नाही: तू बोललीस तर ते ऐकलं जाणं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घालायची नळी, घालण्यासाठी पाच पायऱ्यांची चेकलिस्ट आणली. डॉक्टरांनी पायरी गाळली तर त्यांना थांबवायचा अधिकार नर्सना दिला आणि प्रशासन त्यांच्या पाठीशी उभं राहिलं. पुढे मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंत ही पद्धत वापरली गेली. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा या लाइनमुळे होणारी रक्तातली इन्फेक्शन्स ६६ टक्क्यांपर्यंत घटलेली दिसली. त्या नर्सना भाषण करावं लागलं नाही. "सर, थांबा" एवढं म्हणता येणं आणि ते ऐकलं जाणं पुरेसं होतं. म्हणून नोकरी निवडताना, इथे नर्सने शंका काढली तर काय होतं, हे तिथल्या नर्सना जरूर विचार.

तोवर एक छोटी वही कर. प्रत्येक पोस्टिंगनंतर, बोलायला हवं होतं पण घशातच राहिलं, ते वाक्य त्यात जसंच्या तसं लिही आणि खोलीत मोठ्याने म्हण. महिन्याभराने ती वही घेऊन कोचकडे जा. पहिल्या भेटीला एवढी तयारी भरपूर झाली.